न दिलेलं बोलावणं

नाताळच्या सुट्टीला आमच्या कचेरीचं भरीत असतं. कचेरी शिंदखेड्याला. खातं कोणतं ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. कुणाच्या तरी शेतात जायचं, तुरीच्या काड्यांच्या जाळावर पोतंभर वांगी भाजायची, ठेचायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्यांबरोबर खायची आणि संध्याकाळी कपड्यांना धुराचा वास घेऊन घरी यायचं. धुळे-जळगावातल्या बहुतेक कचेऱ्या हिवाळ्यात हेच करतात. पण जायचं कोणी, याची यादी करावी लागते आणि ती बरीच वर्षं माझ्या हातात होती. वांगी माझ्या गावाकडून, बोदवडकडून यायची, म्हणून यादीही माझ्याकडेच आली असावी. त्या यादीतून मी एका बाईंना नऊ वर्षं बाहेर ठेवलं. कसं ठेवलं ते सांगायचं आहे. आजवर घरातही सांगितलेलं नव्हतं.

त्या बाईंचे यजमान माझ्याच टेबलाशेजारी बसायचे. आम्ही दोघं एकाच वर्षी रुजू झालो होतो. माझी बायको सुरुवातीची दोन वर्षं गावीच होती, तेव्हा माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या. तसं कचेरीत मला सगळेच भाऊ म्हणतात, पण त्यांच्या भाऊमध्ये ताटात तिसरी भाकरी न विचारता पडायची.

भरिताची वांगी भाजायची ती त्यांच्या यजमानांनीच. दुसऱ्या कुणाला जाळाजवळ येऊ देत नसत. कुणी मध्येच वांगं उलटवलं तर म्हणायचे, "तुमच्या घरी उलटवा, इथं माझं राज्य आहे." एका वर्षी मार्चअखेरच्या गडबडीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. धुळ्याला नेताना वाटेतच गेले. वय त्रेचाळीस. मुलगी दहा वर्षांची. तेव्हाचे आमचे साहेब भले माणूस होते. त्यांनी मागे लागून वहिनींना अनुकंपा तत्त्वावर नोकरीत घेतलं. दिवाळीनंतर त्या रुजू झाल्या आणि रिकामं होतं म्हणून नवऱ्याचंच टेबल त्यांना मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी खण उघडला तर त्यात यजमानांची तंबाखूची डबी होती. त्यांनी ती काढली नाही. खण तसाच लोटला आणि दुसरा वापरायला लागल्या.

डिसेंबरात यादीची बैठक झाली. बैठक म्हणजे साहेबांच्या खोलीत चहा. वहिनी दुपारी जेवायला घरी जायच्या, ती वेळ आम्ही मुद्दाम धरली होती. नेहमीची नावं झाली. ज्यांच्या शेतात जायचं ते शेतमालक, जीपवाला, निवृत्त झालेले दोघं. हिशेबाचं टेबल सांभाळणारा गृहस्थ तोंडाचा फटकळ होता, तो म्हणाला की एक गोष्ट सगळ्यांच्या मनात आहे तर ती मीच बोलतो. ती बाई समोर बसणार आणि तिच्या नवऱ्याच्या जागी दुसराच कुणी वांगी भाजणार. घास उतरेल का कुणाचा? शिवाय घरात गमी होऊन वर्ष झालेलं नाही. त्या तरी कशा येतील?

साहेब म्हणाले, "यायचं की नाही ते त्या ठरवतील. बोलावणं आपण द्यायचं. नाव घाला."

मी नाव घातलं. तेव्हा चहाचे कप गोळा करणारे आमचे शिपाई नाना मध्ये बोलले. नाना नरडाण्याकडचे, जन्मभर अहिराणीच बोलले, साहेबांशीसुद्धा.

"नाव टाकीसन काय व्हई साहेब? वरीस शे तिनं. घर जाईसन आननी पडी. नहीतं ती येवाव नही."

नानांचं खरं होतं. आमच्याकडे ज्या घरात गमी झाली त्या घरातलं माणूस वर्षभर आपल्या पायांनी कुठल्या आनंदाच्या ठिकाणी जात नाही. बाहेरच्या कुणीतरी त्याच्या दारात जायचं, चला म्हणायचं आणि सोबत घेऊन निघायचं. एकदा असं कुणी नेलं की मग ते माणूस हळूहळू चार लोकांत यायला लागतं. न्यायला कुणी आलं नाही तर त्यानं विचारायचं नसतं. आणि कुणी न्यायला आलं तरी नाही म्हणायचा त्याला हक्क असतो, मग पुन्हा आग्रह करायचा नसतो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

मग जायचं कोणी? कचेरीत दुसरी बाई एकच, टायपिस्ट. तिच्या चुलतबहिणीची हळद होती, ती भरितालाच येणार नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हिशेबवाला हसून म्हणाला, "भाऊच मुऱ्हाळी. आखाजीच्या सणाला बहिणीला न्यायला जातात तसं जा." मी बरं म्हणालो. जायचा माझा विचार होता, हे मला इथं लिहायचं आहे. त्या घडीला तरी होता.

आदल्या दिवशी नानांनी परस्पर वहिनींना सांगून टाकलं की उद्या सकाळी भाऊ बोलवायला येतील. वहिनींनी मानेनंच हो म्हटलं, असं नानांनी मला येऊन सांगितलं. ते फार खुशीत होते.

पंचवीस तारखेला सकाळी आठला मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथं पिठाची गिरणी आहे. ती अजून उघडली नव्हती. गिरणीच्या ओट्याशी उभं राहिलं की त्यांचं दार दिसतं. दार उघडं होतं. पुढे सडा टाकलेला. मुलगी उंबऱ्यावर बसली होती, निळा फ्रॉक, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. ती गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत होती, कारण माझी खोली त्या बाजूला होती आणि मी तिकडून येईन असं तिला वाटलं असणार. मी मात्र बाजारातून कोथिंबीर घेऊन या बाजूनं आलो होतो.

मी तिथून परत फिरलो.

का फिरलो याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. एकटा राहणारा पुरुष सकाळी सकाळी विधवेच्या दारात, लोक काय म्हणतील. हे मी काही वर्षं धरून ठेवलं. पण तेव्हा माझी बायको सोबतच राहत होती, एकटा राहण्याचे दिवस कधीच मागे पडले होते, आणि त्या घरात मी शेकडो वेळा जेवलेला. मग दुसरं कारण धरलं, की त्यांनाच त्रास होईल. तेही टिकलं नाही. उंबऱ्यावरची मुलगी दिसत होती. खरं कारण असं की मला त्या दिवशी हसायचं होतं. नऊ महिने मी शेजारच्या टेबलाकडे बघत काम केलं होतं. आधी रिकामं, नंतर वहिनी बसलेल्या. एक दिवस मला ते सगळं नको होतं. शेतात जाऊन चार वात्रट गोष्टी ऐकाव्यात, खावं, झाडाखाली पडावं. वहिनी आल्या असत्या तर सगळे हळू बोलले असते. इतकंच. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

चौफुलीवर जीप उभी होती. साहेब पुढे बसलेले, बाकीचे मागे पोत्यावर. साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"नाही म्हणाल्या," मी म्हणालो.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी पुढचं इतकं वाईट झालं नसतं. पण नाना मागून उतरायला लागले. म्हणाले, मी जाऊन येतो, माझं ऐकेल ती, पाच मिनिटं थांबा. त्यांचा एक पाय खाली टेकलासुद्धा होता. नाना गेले असते तर तिथं कळलंच असतं. मी घाबरलो आणि बोलून गेलो, "नाना, नका जाऊ. त्या म्हणाल्या, असल्या गोष्टींना मला पुन्हा बोलवू नका. मला त्रास होतो."

नानांनी पाय वर घेतला. साहेब म्हणाले, "मग नको. चला."

त्या दिवशी मी हसलो का, तर हसलो. वांगी हिशेबवाल्यानं भाजली, अर्धी कच्ची राहिली, त्यावरून त्याची सगळ्यांनी खूप खेचली. त्यात मीही होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनी कचेरीत आल्या. मी फायलीत तोंड घातलेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागल्या. त्यांना विचारता येत नव्हतं. बाकीच्यांनाही विचारता येत नव्हतं. त्यांना वाटलं, कचेरीनं ऐन वेळी बेत बदलला. कचेरीला वाटलं, बाई दुःखात आहे, हात जोडून नाही म्हणाली. मध्ये मी बसलेला. दोन्हीकडचं गप्प राहणं एकमेकांत इतकं चपखल बसलं की माझं खोटं राखायला मला पुढे काहीच करावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी यादीच्या वेळी कुणीतरी त्यांचं नाव काढलं. हिशेबवालाच परस्पर म्हणाला, "त्या नको म्हणाल्या होत्या ना मागे, कशाला पुन्हा?" त्याच्या पुढच्या वर्षी कुणी नावही काढलं नाही. साहेब बदलून गेले. नाना निवृत्त झाले आणि दोन पावसाळ्यांनी वारले. नवीन माणसं आली. त्यांना जुन्यांनी सांगितलं की त्या बाई कशातच नसतात. निरोपसमारंभ, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, बारसं, सगळ्यांतून त्या आपोआप गळल्या. लग्नपत्रिका टेबलावर मिळायची, घरी कुणी द्यायला जायचं नाही. दुपारी घरी जेवायला जाणं त्यांनी मुलगी मोठी झाल्यावर सोडलं आणि डबा आणायला लागल्या, पण खायच्या अभिलेखाच्या खोलीत, जुन्या दप्तरांमध्ये. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा त्यांनी पेढे आणले. आम्ही सगळे जेवायला एकत्र बसलेलो असताना त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर कागदाच्या तुकड्यावर एकेक पेढा ठेवला. आम्ही परत आलो तर पेढे होते आणि त्या टपाल घेऊन बाहेर गेल्या होत्या. नवीन लिपिक म्हणाला, "फारच शिष्ट आहेत हो." मी पेढा खाल्ला.

माझ्याशी त्या नीट बोलायच्या. भाऊ, ही फाईल. भाऊ, एवढं पत्र बघून द्या. मी हेडक्लार्क झालो तेव्हा सगळ्यांच्या आधी त्यांनीच अभिनंदन केलं होतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे नव्या साहेब आल्या. मराठवाड्यातल्या, वय तिशीच्या आत. भरीत म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हतं. डिसेंबरात त्यांनी व्हॉट्सअॅपवर सुट्टीच्या बेताचा ग्रुप काढायला सांगितला. लिपिकानं काढला. मॅडमनी नावं पाहिली आणि विचारलं, "या ताई का नाहीत यात?"

त्या येत नाहीत, लिपिक म्हणाला. त्यांनीच सांगून ठेवलंय. कुणाला सांगितलंय? त्यानं माझ्याकडे बोट केलं. मॅडम सहज म्हणाल्या, "ठीक आहे, उद्या मीच विचारते त्यांना."

मी त्या दिवशी संध्याकाळी वहिनींच्या घरी गेलो. मनाला टोचणी लागून गेलो असं कुणाला वाटायला नको. नऊ वर्षं टोचणी होतीच, तिच्यापायी मी कधी गेलो नव्हतो. उद्या उघडं पडणार म्हणून गेलो.

गिरणी आता नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे. वहिनी पुढच्या खोलीत जमिनीवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. मला दारात पाहून उठायला लागल्या. मी बसा म्हणालो आणि खुर्ची असताना खाली बसलो. चहा टाकते म्हणाल्या, मी नको म्हणालो. मुलगी जळगावला शिकायला होती. तिची चौकशी झाली. मग मी सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो इथपासून ते जीपमधल्या वाक्यापर्यंत, जसं होतं तसं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यांचे हात थांबले नाहीत. दाणे एका पातेल्यात, सालपटं एका सुपात. त्या बोलल्या ते शेंगांकडेच बघत.

"सातपासून आवरून बसलो होतो दोघी. दोन वाजेपर्यंत तिला फ्रॉक काढू दिला नाही मी. मग काढ म्हटलं. तर ती म्हणे, मम्मी, पप्पा नाहीत म्हणून आपल्याला नेलं नाही का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

मी सुपाबाहेर पडलेलं एक सालपट उचलून सुपात टाकलं.

"मला वाटलं, पांढऱ्या कपाळाची बाई नको म्हणाले असतील लोक. तसं एकदा धरून घेतलं की राग येत नाही. आपणच बाजूला राहायचं." एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी फेकली. "आणि तुमचं सांगू? मला वाटायचं, भाऊ माझ्यासाठी भांडले असतील. बाकीच्यांनी ऐकलं नसेल. म्हणून मला तोंड दाखवायला लाजतात. नऊ वर्षं मी हेच धरून चालले. पोरीलासुद्धा तसंच सांगितलं, की एक भाऊ होते आपल्या बाजूनं."

मी हात जोडले. माफी मागितली.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "कुणी आलं नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. मी दारातच होते. ज्यांना खोटं सांगितलं त्यांना सांगा."

मी उठलो. जाताना त्यांनी या म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत यादीला सगळे जमले तेव्हा मी सांगितलं. खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि वहिनींचं टेबल तिथून चार पावलांवर. त्यांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं बोललो आणि त्यांचं तोंड बघावं लागू नये म्हणून दाराकडे पाठ केली, दोन्ही खरं आहे. बोलून झाल्यावर मला वाटलं होतं, कुणीतरी चिडेल. कुणी चिडलं नाही. लिपिक म्हणाला, "भाऊ, तुम्ही पण ना." एकजण म्हणाला, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. हिशेबवाला आता निवृत्तीला आलेला, तो बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आपण तरी कुठं विचारलं एकदा. चार पावलांवर बसते बाई." असं बोलून तो माझा वाटेकरी झाला. पण मला तो नको होता. ते माझ्या एकट्याचं होतं.

मॅडमनी कागद माझ्या हातातून घेतला. म्हणाल्या, "यादी यापुढे तुम्ही करू नका." आवाज चढवला नाही. मग बाहेर जाऊन त्यांनी वहिनींना पंचवीस तारखेचं विचारलं. मला आतून ऐकू आलं. गाडी घरी पाठवू का, मी स्वतः न्यायला येऊ का, असंही मॅडम म्हणाल्या.

"न्यायला कशाला?" वहिनी म्हणाल्या. "ते वर्ष कधीच संपलं. यावंसं वाटलं तर मीच येईन."

पंचवीस तारखेला त्या आल्या. उशिरा, वांगी ठेचून झाल्यावर, मुलीच्या स्कूटीवर मागे बसून. मुलगी सुट्टीला आली होती. एकोणीस वर्षांची मुलगी, बापासारखी उंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही बोललं नाही. या, बसा झालं, बायकांनी सरकून जागा केली. कचेरीत आता चारपाच बायका आहेत. थोडा वेळ सगळे अवघडले होते, मग मुलीनं पुऱ्या लाटायला घेतल्या आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. कुणी तिच्या वडिलांचा विषय काढला नाही. तिनंच काढला. तिनं विचारलं, पप्पा खरंच कुणाला वांगी भाजू द्यायचे नाहीत का? हिशेबवाला तिला सांगत बसला. ती हसत होती. मला ते ऐकू येत होतं, पण मी विहिरीच्या बाजूला पाणी भरायला गेलो आणि पंगत बसेपर्यंत तिकडेच थांबलो. बोलावलंही कुणी नाही.

पंगतीत वाढायला दोघीतिघी होत्या, त्यात वहिनी. केळीच्या पानावर पुरी वाढत त्या ओळीनं येत होत्या. लिपिकाला म्हणाल्या, घे रे अजून एक. हिशेबवाल्याला म्हणाल्या, आबा, लाजू नका. माझ्यापुढे आल्या, पुरी ठेवली.

"साहेब, भरीत पुरेसं आहे का?"

मला आयुष्यात कुणी साहेब म्हटलेलं नाही. हेडक्लार्कला कुणी साहेब म्हणत नाही, तेही त्यांना माहीत आहे. मी आहे म्हणालो. त्या पुढे गेल्या. तेव्हापासून त्या मला साहेबच म्हणतात. साहेब, ही फाईल. साहेब, सही राहिली आहे. आवाजात राग नसतो. डबा आता त्या सगळ्यांबरोबर खातात, खिडकीजवळच्या बाकावर. मी तिथं जेवायला बसत नाही. निवृत्तीला माझी चार वर्षं उरली आहेत.